सिकलसेल असलेल्या मुलीचा टाइप १ मधुमेह: साखर ४६८, एचबीए१सी ५.४

दहा वर्षांची मुलगी, गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. सिकलसेल ग्रस्त, म्हणजे एसएस पॅटर्न (आई आणि वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेलं). निदान तिसऱ्या वर्षी झालेलं, सहाव्या वर्षापासून हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिड चालू, गोळ्या चुकवलेल्या नाहीत. रक्त आयुष्यात दोनदाच चढवलेलं, शेवटचं तीन वर्षांपूर्वी. वडील राइस मिलमध्ये कामाला, आई शेतमजुरी करते. धाकटा भाऊ सहा वर्षांचा, तो वाहक. आईवडिलांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आमच्याकडे आली तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर ‘सिकल क्रायसिस, अॅक्यूट चेस्ट सिंड्रोमची शंका’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे वाकड्या झालेल्या लाल पेशी रक्तवाहिन्यांत अडकून उठणारा वेदनेचा झटका, आणि तोच फुप्फुसात आल्याची शंका. प्रत्यक्षात तिला टाइप १ मधुमेह झाला होता आणि ती तीव्र कीटोअॅसिडोसिसमध्ये होती, म्हणजे इन्सुलिनअभावी कीटोन साठून रक्त आम्ल झालं होतं. निदानाला उशीर झाला, पण त्यात हलगर्जीपणा कुणाचाच नव्हता, हे मला आधीच सांगायचं आहे. तिच्या प्रत्येक लक्षणाला सिकलसेलमधलं पटण्यासारखं कारण हजर होतं. आणि शंका फिटावी म्हणून जी तपासणी केली गेली, तीच नेमकी या आजारात भरवशाची नसते.

आधीचे तीन आठवडे

दिवाळीनंतर तिला रात्री लघवीला उठावं लागू लागलं. दोनदा अंथरूण ओलं झालं. आई म्हणाली, “सिकलचं पोर आहे ना मॅडम, रात्री तीन-तीनदा उठते. आशाताई म्हने का या पोरांचं असंच होते.” आशाताईंचं म्हणणं चूक नव्हतं. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या लहानपणापासून खराब होत जातात, लघवी घट्ट करायची ताकद कमी होते आणि मुलं भरपूर, पातळ लघवी करतात. अंथरूण ओलं होणं या मुलांमध्ये नेहमीचं आहे. त्यामुळे तहान वाढली तेव्हाही घरात सगळ्यांना बरंच वाटलं, कारण ‘सिकलच्या मुलांनी पाणी भरपूर प्यावं’ हे प्रत्येक तपासणीला सांगितलं जातं.

वजन मात्र उतरत होतं. सहा महिन्यांपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदीत २५.५ किलो होतं, आमच्याकडे भरलं २२. नोंदवही आईच्या पिशवीतच होती. दोन आकडे शेजारी ठेवून पाहणारं कुणी नव्हतं, एवढंच.

मग थंडी वाढली, पाय दुखू लागले, पोट दुखू लागलं, उलट्या झाल्या. जवळच्या रुग्णालयात दाखल केलं. क्रायसिसचा नेहमीचा उपचार म्हणून डेक्स्ट्रोज-सलाइन (साखर असलेलं सलाइन) लावलं, वेदनाशामक दिलं. दुसऱ्या दिवशीच्या रक्तात साखर ४१२ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी योग्य तो विचार केला: डेक्स्ट्रोज चालू आहे, कदाचित त्याच हातातून रक्त काढलं असेल, साखर आधीपासून वाढलेली आहे का ते एचबीए१सीवरून, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीवरून, कळेल. रिपोर्ट आला ५.४. म्हणजे मधुमेह नाही. सलाइन बदललं, साखरेचा विषय तिथे संपला. पुढच्या रात्री श्वास जोरजोरात चालू लागला आणि छातीत सिकलचा झटका आला असेल या भीतीने तिला आमच्याकडे पाठवलं.

पहिला तास

श्वास खोल आणि वेगाने चालू, पण ऑक्सिजन ९७ टक्के. छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ. अॅक्यूट चेस्ट सिंड्रोममध्ये श्वास असा वाढला की ऑक्सिजन सहसा उतरतो. इथे फुप्फुसं ठीक आणि श्वास मात्र धापेचा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. बोटाला टोचून कीटोन पाहिले: ५.९ मिलिमोल. शिरेतल्या रक्ताचा पीएच ७.०८, बायकार्बोनेट ५.६. प्लाझ्मा ग्लुकोज ४६८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मुलांमधल्या कीटोअॅसिडोसिसचे सध्याचे निकष साखर २०० च्या वर, पीएच ७.३ च्या खाली किंवा बायकार्बोनेट १८ च्या खाली, आणि कीटोन ३ किंवा त्याहून जास्त असे आहेत. पीएच ७.१ च्या खाली गेला की तीव्र. मुलगी त्या रेषेच्या खाली होती.

पहिल्या तासात निर्णयाला लागतात ते रक्ताचे आकडे एवढेच, आणि त्यांच्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन. सोडियम १२९ आला. साखर चढलेली असली की सोडियम दिसायला कमी दिसतो. शंभराच्या वरच्या दर शंभर मिलिग्रॅममागे २ मिळवले की तो १३६ च्या आसपास येतो. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही.

पोटॅशियमपाशी मात्र आम्ही थांबलो. पहिला नमुना ५.९ आला. कीटोअॅसिडोसिसमध्ये सुरुवातीला पोटॅशियम चढलेला दिसू शकतो, आणि तसा असेल तर लघवी नीट सुरू होईपर्यंत सलाइनमध्ये पोटॅशियम घालत नाहीत. पण नळीतला द्रव लालसर होता. सिकलच्या पेशी नाजूक, सुईतून ओढताना त्यातल्या काही फुटल्या आणि आतला पोटॅशियम बाहेर आला होता. सिस्टरनी टूर्निकेट न बांधता, मोठ्या शिरेतून, हळू हाताने पुन्हा रक्त घेतलं. पोटॅशियम ४.१. हा फरक जिवावरचा आहे. इन्सुलिन सुरू झालं की पोटॅशियम पेशींच्या आत जातो आणि रक्तातला झपाट्याने उतरतो. ४.१ असलेल्या मुलीला ५.९ समजून पोटॅशियम दिला नसता तर काही तासांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम झाला असता.

पांढऱ्या पेशी २३,८०० होत्या. एरवी कीटोअॅसिडोसिसमध्ये हा आकडा मी बाजूला ठेवते, कारण शरीरावरच्या ताणानेच तो चढतो आणि ताप नसेल तर अँटिबायोटिक लागत नाही. सिकलसेलमध्ये प्लीहा निकामी होत आलेली असते, रक्तातला जंतुसंसर्ग काही तासांत मूल नेऊ शकतो. म्हणून ब्लड कल्चर घेऊन सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू केलं आणि ४८ तासांनी कल्चरमध्ये काही वाढलं नाही तेव्हा बंद केलं.

द्रव देतानाही दोन आजार एकमेकांच्या विरुद्ध ओढत होते. आम्लता आणि कोरडेपणा या दोन्हींमुळे सिकल पेशी जास्त वाकतात, अडकतात. म्हणून द्रव लवकर हवा. पण घाईने जास्त दिला तर कीटोअॅसिडोसिसमध्ये मेंदूला सूज येण्याची आणि सिकलमध्ये फुप्फुसात पाणी साठण्याची भीती. किलोला १० मिलिलिटर नॉर्मल सलाइन पहिल्या तासात, उरलेली तूट ४८ तासांत भरून काढली. द्रव सुरू झाल्यावर तासाभराने किलोला ताशी ०.१ युनिटने इन्सुलिन. विसाव्या तासाला पीएच ७.३२ झाला. पोटातलं आणि पायातलं दुखणं त्याच्याबरोबरच गेलं, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

रक्त चढवण्याआधीच्या नळ्या

दाखल करताना हिमोग्लोबिन ७.४ होतं. कोरडेपणामुळे ते खरं असायचं त्याहून जास्त दिसत होतं. द्रव गेल्यावर ६.३ वर आलं. दुसऱ्या दिवशी पॅक्ड सेल चढवायचं ठरलं. त्याआधी आम्ही दोन साध्या आणि एक ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) नळी भरून घेतली, सीरम वेगळं करून फ्रीजरमध्ये ठेवलं. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वात महत्त्वाचं काम हेच होतं, आणि ते करायला खर्च काहीच आला नाही.

कारण असं. मधुमेह स्वप्रतिकारक आहे का, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटून झालेला आहे का, हे रक्तातल्या अँटिबॉडींवरून ठरतं. दात्याच्या रक्ताबरोबर येणाऱ्या प्लाझ्मातूनही अँटिबॉडी येऊ शकतात. पॅक्ड सेलमध्ये प्लाझ्मा थोडाच असतो, पण दात्याच्या अँटिबॉडी भरपूर असतील तर तेवढाही गोंधळ घालायला पुरतो. चढवल्यानंतरच्या नमुन्यात पॉझिटिव्ह निघालं तर ते मुलीचं की दात्याचं, हा वाद आठवडेच्या आठवडे चालतो. एचबीए१सीचं तर विचारूच नका: रक्त चढवल्यावर त्यात दात्याची साखर मोजली जाते. इन्सुलिनविरुद्धची अँटिबॉडी तपासायची असेल तर तिला वेगळं बंधन आहे. बाहेरून इन्सुलिन सुरू झाल्यावर दहा-चौदा दिवसांत शरीर त्याच्याविरुद्धही अँटिबॉडी तयार करू लागतं, मग ही तपासणी निदानाच्या कामाची राहत नाही.

एचबीए१सी ५.४ कसा आला

एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला, व्हॅलिन या अमिनो आम्लाला, चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्या काळात जितकी साखर भोवती असेल तितकी चिकटते. म्हणून तो दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. सगळं गणित या १२० दिवसांवर उभं आहे.

एसएस पॅटर्नमध्ये लाल पेशी दहा ते वीस दिवसांत संपते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, भोवती ती कितीही असली तरी. या मुलीच्या रेटिक्युलोसाइट ९ टक्के होत्या, म्हणजे रक्तात कोवळ्या, नुकत्या तयार झालेल्या पेशींची गर्दी. शिवाय तिच्या एचपीएलसीमध्ये (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या तपासणीत) हिमोग्लोबिन एस ७४ टक्के, एफ २१ टक्के, आणि नेहमीचं ए जवळपास शून्य होतं. जे हिमोग्लोबिन नाहीच त्याचा ‘ए१सी’ मोजायचा कुठून? गोंदिया-गडचिरोली भागात सापडणाऱ्या अरब-भारतीय प्रकारच्या सिकलमध्ये हिमोग्लोबिन एफ मुळातच जास्त असतं, हायड्रॉक्सियुरियाने ते आणखी वाढतं, आणि मुलांना त्याचा फायदाच होतो. पण एफमध्ये बीटाच्या जागी गॅमा साखळी असते, तिचं टोक वेगळं. आधीच्या प्रयोगशाळेने वापरलेल्या इम्युनोअॅसे पद्धतीतल्या अँटिबॉडीला ते टोक ओळखता येत नाही. एकूण हिमोग्लोबिनमध्ये एफ मोजलं जातं, साखर चिकटलेल्यात मोजलं जात नाही, आणि टक्केवारी आणखी खाली येते.

५.४ हा आकडा सरासरी साखरेत बदलायचं नेहमीचं सूत्र आहे: २८.७ ने गुणून ४६.७ वजा. उत्तर येतं १०८. तीन आठवडे रात्री उठून पाणी पिणाऱ्या, साडेतीन किलो वजन गेलेल्या मुलीची सरासरी साखर १०८ असेल का, एवढा प्रश्न जरी कुणी त्या कागदावर लिहिला असता तरी वाट बदलली असती.

मग डेक्स्ट्रोज सलाइनच्या आधीही साखर चढलेली होती, याचा पुरावा काय? तो फ्रक्टोसामाइनने दिला. ही तपासणी सीरममधल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर मोजते. लाल पेशींशी तिचा संबंध नाही, आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र ती देते. साठवलेल्या सीरममध्ये फ्रक्टोसामाइन ४८६ मायक्रोमोल आलं. वरची मर्यादा २८५. अल्ब्युमिन ३.६ होतं, म्हणजे आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. ढोबळ सूत्राने याचा ए१सी ९.९ च्या आसपास येतो. ५.४ आणि ९.९ एकाच मुलीचे, एकाच आठवड्यातले.

वाहक मुलांबद्दल इथेच सांगते, कारण विदर्भात त्यांची संख्या ग्रस्तांपेक्षा कितीतरी जास्त आहे. एएस पॅटर्नमध्ये पेशींचं आयुष्य जवळपास नेहमीसारखंच असतं आणि आजच्या बहुतेक यंत्रांना एस ओळखून मोजता येतो. तरीही २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आफ्रिकन-अमेरिकन प्रौढांच्या अभ्यासात, साखर तितकीच असताना वाहकांचा एचबीए१सी सरासरी ५.७२ आणि इतरांचा ६.०१ निघाला होता. फरक छोटा आहे, पण सीमेवरच्या माणसाला निदानाच्या अलीकडे ठेवायला पुरेसा. सिकलसेलसारख्या स्थितीत मधुमेहाचं निदान फक्त प्लाझ्मा ग्लुकोजवरच करावं, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. आपल्याकडच्या तालुका पातळीवरच्या छापील फॉर्मवर ‘एचबीए१सी’च्या चौकोनाशेजारी ‘सिकलसेल आहे का?’ हा एक चौकोन असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

लोहामुळे की स्वप्रतिकारशक्तीमुळे

एरवी दहा वर्षांचं मूल कीटोअॅसिडोसिसमध्ये आलं तर टाइप १ धरूनच चालतात. अँटिबॉडी केल्या नाहीत तरी उपचार अडत नाहीत. इथे मात्र खरोखरच दुसरी शक्यता होती. वारंवार रक्त चढवलेल्या मुलांमध्ये लोह स्वादुपिंडात साठतं आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतं. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये हा मधुमेह आपण पाहतो. तिचं फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारा आकडा) ६१२ आलं आणि राउंडवर ‘लोहाचा मधुमेह’ हा शब्द निघाला.

मी हिशेब मांडला. पॅक्ड सेलच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. तिला आतापर्यंत दोनदाच रक्त मिळालं होतं, म्हणजे फार तर अर्धा ग्रॅम. स्वादुपिंड खराब व्हायला इतकं लोह पुरत नाही. आणि फेरिटिन हा आजारपणात चढणारा आकडा आहे. क्रायसिस, संसर्ग, कीटोअॅसिडोसिस, कशानेही चढतो. आठ आठवड्यांनी ती बरी असताना पुन्हा पाहिलं तेव्हा तो १८५ होता. शिवाय लोहाचा मधुमेह हळूहळू येतो, दुसऱ्या दशकात, पौगंडावस्था लांबणे, थायरॉइड मंदावणे अशा सोबत्यांना घेऊन.

तरी हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. पहिली अँटिबॉडी, जीएडी६५, सहाव्या दिवशी आली: १० च्या मर्यादेसमोर ३. निगेटिव्ह. राउंडवर पुन्हा लोहाची चर्चा सुरू झाली. इथे थोडं मागे जायला हवं. स्वादुपिंडातल्या ‘बेटां’विरुद्धच्या, म्हणजे बीटा पेशी असलेल्या पुंजक्यांविरुद्धच्या, अँटिबॉडी माणसाच्या रक्तात पहिल्यांदा दाखवल्या गेल्या १९७४ मध्ये. त्यानंतर इन्सुलिनविरुद्धची, जीएडी६५, आयए-२ आणि २००७ मध्ये झेडएनटी८ अशा एकेक वेगळ्या ओळखता आल्या. प्रत्येक मुलात चारही असतातच असं नाही. लहान वयात इन्सुलिनविरुद्धची जास्त सापडते, मोठ्या वयात जीएडी. आपल्याकडे एकट्या जीएडीवर थांबायची सवय पडली आहे, कारण ती सहज उपलब्ध आहे आणि बाकीच्यांचा खर्च वाढतो. जीएडी निगेटिव्ह म्हणजे स्वप्रतिकारक नाही, असा निष्कर्ष काढायला कोणताही आधार नाही.

साठवलेल्या सीरममधून आयए-२ आणि झेडएनटी८ मुंबईला पाठवल्या. रिपोर्टला दोन आठवड्यांच्या वर लागले. आयए-२ मर्यादेच्या वीसपट, झेडएनटी८ तिप्पट. दोन अँटिबॉडी, रक्त चढवण्याआधीच्या नमुन्यात. निदान पक्कं झालं: स्वप्रतिकारक टाइप १ मधुमेह. इन्सुलिन पहिल्या दिवसापासून चालूच होतं. फरक पडला तो पुढच्या नियोजनात. लोह काढण्याची औषधं, हृदय आणि यकृताचा लोहासाठीचा एमआरआय, हे सगळं टळलं. त्याऐवजी थायरॉइड आणि सीलिअॅक रोगाच्या तपासण्या यादीत आल्या, कारण टाइप १ असलेल्या मुलांमध्ये हे दोन स्वप्रतिकारक आजार जास्त आढळतात. टीएसएच आम्ही मुद्दाम सहाव्या आठवड्यात केला. गंभीर आजारात थायरॉइडचे आकडे असेही बिघडतात. दोन्ही तपासण्या सध्या ठीक आहेत.

सगळ्या अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या असत्या तर? जनुकीय जोखीम गुणांकाचा मार्ग होता. टाइप १ शी निगडित अनेक जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेला हा गुणांक युरोपीय लोकांवर बेतलेला आहे, पण भारतीयांमध्येही तो टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला उपयोगी पडतो, हे पुण्याचं केईएम हॉस्पिटल, हैदराबादची सीसीएमबी आणि एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. रोजच्या वापरात तो आपल्याकडे अजून आलेला नाही. ईडीटीए नळी मात्र त्यासाठीच ठेवली होती.

भावाचा प्रश्न आईने स्वतः काढला. लक्षणं नसलेल्या मुलात दोन किंवा जास्त अँटिबॉडी सापडल्या तर दहा वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्के आहे, हे २०१३ च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासातून माहीत आहे. अमेरिकेत याच्या पुढच्या टप्प्यावर, साखर बिघडू लागलेली पण लक्षणं नसताना, आजार लांबवणारं टेप्लिझुमॅब हे औषध नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्य झालं. या कुटुंबाच्या आवाक्यात ते नाही. मी सगळं सांगितलं आणि तपासणी करायची की नाही हे त्यांच्यावर सोडलं. त्यांनी आत्ता नको म्हटलं. मला तो निर्णय समजण्यासारखा वाटतो. त्याच्या तहानेकडे आणि वजनाकडे लक्ष ठेवायचं, शंका आली की त्याच दिवशी ग्लुकोमीटरवर साखर पाहायची, हे आईला आता कुणी शिकवायची गरज नाही.

सी-पेप्टाइड

प्रोइन्सुलिन हा इन्सुलिनचा आधीचा रेणू तुटताना इन्सुलिनबरोबर तितकंच सी-पेप्टाइड बाहेर पडतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, म्हणून मुलीची स्वतःची बीटा पेशी किती काम करते ते यावरून कळतं. फुटलेल्या पेशींच्या नमुन्यात इन्सुलिन मोजायला गेलं तर लाल पेशींमधलं एन्झाइम ते खाऊन टाकतं, सी-पेप्टाइड मात्र बऱ्यापैकी टिकतं. सिकलच्या मुलीसाठी हे सोयीचं. दाखल करतानाच्या सीरममध्ये ते ०.२ नॅनोग्रॅम होतं. या आकड्यावर मी काहीच ठरवलं नाही. साखर इतकी चढलेली असताना शिल्लक पेशीही दबून जातात. आठव्या आठवड्यात, साखर १८६ असताना, ते १.१ आलं. म्हणजे अजून पेशी जिवंत आहेत.

घरी गेल्यावर

घरी साखर मोजायच्या साधनांनीही आम्हाला थांबवलं. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) कमी असलं की ग्लुकोमीटर साखर जास्त दाखवतो. वॉर्डात एकाच वेळी दोन्हीकडे पाहिलं: ग्लुकोमीटर २१४, प्रयोगशाळा १८१. पट्ट्यांच्या डब्यातल्या माहितीपत्रकावर कोणत्या हिमॅटोक्रिटपर्यंत यंत्र चालतं ते छापलेलं असतं. तिच्यासाठी खालची मर्यादा २० टक्के असलेला मीटर निवडला.

त्वचेवर लावून सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरचं प्रकरण याहून गंभीर. डेक्सकॉम आणि मेडट्रॉनिकच्या गार्डियन सेन्सरबद्दल कंपन्यांनीच सूचना दिलेली आहे की हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांमध्ये वाचन खऱ्यापेक्षा जास्त येतं. सेन्सरच्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोजपासून तयार झालेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत हे औषधही मोजलं जातं. सकाळी कॅप्सूल घेतली, सेन्सरने २५० दाखवले, त्यावर इन्सुलिन टोचलं आणि खरी साखर १४० असेल तर मुलगी बेशुद्ध पडू शकते. हायड्रॉक्सियुरिया थांबवणं हा पर्याय नाही. क्रायसिस टाळण्याचं ते तिचं मुख्य औषध आहे. म्हणून ही अडचण नसलेला सेन्सर चौदा दिवसांसाठी लावला, आणि पहिले तीन दिवस रोज दोनदा बोटाची साखर ताडून पाहिली. सरासरी १६८ निघाली, त्यावरून सेन्सरसाठीच्या वेगळ्या सूत्राने काढलेला अंदाजी ए१सी ७.३. त्याच आठवड्यातलं फ्रक्टोसामाइन ३३१, त्याचं सूत्राने ७.२. दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचलो, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

याच सुमारास गावाजवळच्या एका शिबिरात कुणीतरी तिचा एचबीए१सी केला. ४.६ आला. ‘साखर फार खाली आहे, इन्सुलिन निम्मं करा’ असं वडिलांना सांगितलं गेलं. त्यांनी आधी आम्हाला फोन केला म्हणून ते टळलं. तेव्हा तिचं वजन २४ किलो होतं आणि दिवसाला १२ युनिट लागत होतं, किलोला ०.५. आजार अंशतः ओसरला आहे का, हे पाहायला वापरतात ते सूत्र एचबीए१सीमध्ये किलोमागच्या इन्सुलिनची चौपट मिळवतं आणि ९ किंवा त्याखाली आलं तर होकार देतं. ४.६ घेतला तर ६.६ येतात, म्हणजे मुलगी छान ओसरलेल्या टप्प्यात. ७.३ घेतला तर ९.३, म्हणजे नाही. तिच्यासाठी हे सूत्र आम्ही वापरत नाही. इन्सुलिनची गरज आणि सी-पेप्टाइड एवढंच पाहतो.

सहाव्या महिन्यात सी-पेप्टाइड ०.८, इन्सुलिन किलोला ०.६५, फ्रक्टोसामाइन ३२४. वजन २६.५ किलो. मधल्या काळात एक क्रायसिस झाला, घरीच पाणी आणि पॅरासिटामॉलवर निभावला. त्या दोन दिवसांत आईने दर चार तासांनी साखर आणि लघवीतले कीटोन पाहिले.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारमध्ये मुलांच्या हातात आता सिकलसेलची कार्डं येत आहेत, आणि हायड्रॉक्सियुरियामुळे ही मुलं मोठी होत आहेत. त्यांच्यातल्या काहींना टाइप १ होणार, काहींना पुढे टाइप २. मुलीच्या कार्डाच्या मागे आम्ही पाच ओळी लिहून, सही-शिक्का मारून, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही एक प्रत पाठवली: हिला टाइप १ मधुमेह आहे, इन्सुलिन कधीही बंद करू नये. एचबीए१सी करू नये, कुणी केला तर त्यावरून डोस बदलू नये, फ्रक्टोसामाइन करावं. पोट दुखलं, उलटी झाली किंवा श्वास वाढला तर क्रायसिसचा उपचार सुरू करतानाच साखर आणि कीटोन पाहावेत. डेक्स्ट्रोज सलाइन लावायचं असेल तर इन्सुलिनसोबतच. पोटॅशियम जास्त आला तर नमुना पुन्हा घ्यावा. केंद्राच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात फोन करून विचारलं की फ्रक्टोसामाइनचा नमुना बर्फावर पाठवावा लागतो का. सीरम वेगळं करून थंड डब्यात पाठवलं तर चालतं. पहिला नमुना पुढच्या बुधवारी आला.